गड्ड्यातल्या पाळण्यांची रोज तपासणी हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोलापूरची सिद्धेश्वर महाराजांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, तोंडावर आली आहे. थोड्याच दिवसांत होम मैदानावर ट्रकमधून लोखंड उतरेल आणि घरोघरची पोरं 'गड्ड्याला कधी जायचं?' म्हणून मागे लागतील. माझी नातही लागणारच. मी गिरणीत ३१ वर्षं फिटर होतो, म्हणून हे पत्र.

लहानपणी मी याच यात्रेत लाकडी रहाटपाळण्यात बसलो आहे. चार पेट्या असायच्या. पाळणेवाला आऱ्यांवरून वर चढायचा, दांडीला लोंबकळायचा आणि स्वतःच्या वजनाने पाळणा खाली आणायचा. वेग माणसाच्या दमाइतकाच. कणा कुरकुरला की तोच थांबवून वंगण घालायचा. आताच्या 'ब्रेक डान्स' नावाच्या पाळण्यात खालची तबकडी फिरते, तिच्यावरचे खुर्च्यांचे गट फिरतात आणि खुर्चीही स्वतःभोवती गिरकी घेते. त्या गिरकीसाठीच तर पोरं रांग लावतात, आणि मलाही ती बघायला फार आवडते. पण खुर्चीखालच्या पिनेवरची ओढ क्षणाक्षणाला कमीजास्त होत असते. असं लोखंड बहुधा एका दणक्यात तुटत नाही. आधी केसाएवढी चीर पडते, मग ती रोज थोडी थोडी वाढते. त्यात हे पाळणे गावोगावी खोलून पुन्हा जोडले जातात. तेच बोल्ट किती वेळा आवळायचे? आटे झिजतातच. यात्रा सुरू होण्याआधी एकदा सही झालेल्या कागदाला यातलं काय कळणार?

दोन वर्षांपूर्वी एका गावच्या उरुसात नातीच्या मांडीवरच्या दांडीला कडीऐवजी सुतळी बांधलेली दिसली. मी तिला उतरवून घेतलं. ती खूप रडली. पाळणा चालवणारा पोरगा विशीचाही नसेल, रात्री तिथेच पाळण्याखाली झोपायचा. त्याला काय बोलणार? कडी मालकाने आणून द्यायची असते.

शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी २६४ फूट उंचीचा पाळणा उभा केला. ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. या गृहस्थांचा धंदा होता रेल्वे आणि पुलांसाठी लागणारं लोखंड तपासून देण्याचा. लोखंड पारखणाऱ्याने बांधलेला पाळणा! हे वाचलं तेव्हा फिटर म्हणून माझा ऊर भरून आला होता.

माझी मागणी एवढीच. यात्रा असेपर्यंत रोज दुपारी, पहिलं तिकीट फाडण्याआधी, जाणत्या माणसाने प्रत्येक पाळण्याच्या पिना, कड्या, बेअरिंग आणि वेल्डिंगचे सांधे पाहावेत, रिकामा फेरा मारून आवाज ऐकावा. मग तिकीट खिडकीवरच्या फळ्यावर त्या दिवसाची तारीख, तपासणाऱ्याचं नाव आणि एका खुर्चीत किती जण बसायचे ते लिहावं. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही लिहावं, कारण विजापूर-इंडीकडची माणसं येतात आणि आपला तेलुगू बोलणारा पूर्व भाग तर लोटतोच.

माणसं कुठून आणायची, असं कोणी म्हणू नये. गिरण्या बंद झाल्या, तरी त्यांतले फिटर, टर्नर, वेल्डर याच गावात आहेत. मी स्वतः रोज दोन तास एक पैसाही न घेता येईन. हातोडी आणि पाने घरचे आणीन.

आपला नम्र,
एक निवृत्त गिरणी फिटर, सोलापूर