तांदूळ कुठून आला

कन्नमवार नगर, विक्रोळी
गणपती गेल्यानंतरचा रविवार

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

तू रागाने गेलास. रिक्षा वळेपर्यंत आई गॅलरीत उभी होती, तू वर बघितलं नाहीस. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मला अर्ध्यात तोडतोस आणि मी तुला, म्हणून कागद काढला. अक्षर कंडक्टरचं आहे, धक्के खात लिहायची सवय. सांभाळून घे.

तुझं आणि मामाचं जुंपलं तेव्हा मी गप्प बसलो, याचा तुला राग आहे असं आई म्हणाली. मामाचं म्हणणं, पूर्वीची मुंबई सोन्याची होती, रात्री दोनला बाईमाणूस दागिने घालून फिरायची, बाहेरच्यांनी येऊन वाट लावली. तुझं म्हणणं, हे शहर राहण्याच्या लायकीचं उरलेलं नाही, निम्मं शहर झोपडपट्टी आणि झोपडपट्टी तिथे गुन्हा, तेव्हा हे घर विका आणि पुण्याला, वाकडला या. मला दोघांचंही पटत नव्हतं. पण मी ताटावरून उठलो तो तुझ्या एका वाक्याने. "गोवंडीतली पोरं जन्मतःच चोर." तुझ्या तोंडून ते ऐकलं आणि घास गिळेना.

आधी मामाचं संपवतो, त्याला फार वेळ लागत नाही. तुझे आजोबा १९५५ साली बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले तेव्हा तेही बाहेरचेच होते. एका खोलीत अकरा जण, पाळीपाळीने झोपायचे. दागिने घालून फिरणारी बाई मी तरी लालबागला पाहिली नाही, दागिने सावकाराकडे होते. आणि मामाच्या सोन्याच्या मुंबईत १९९२ च्या डिसेंबरात आणि ९३ च्या जानेवारीत दंगलीत सुमारे नऊशे माणसं मेली. मार्चमध्ये बॉम्बस्फोटात २५७ गेली. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. १९९७ च्या जानेवारीत कामगारांचे पुढारी दत्ता सामंत यांना पवईत मारलं. मामा तेव्हा डोंबिवलीला होता, पेपर वाचत होता. वाचलेलं विसरायला सोपं जातं.

आता तुझं. तू मोबाइल काढून आकडे दाखवत होतास म्हणून मीही बसून थोडे जुळवले. निम्मं शहर नाही, २०११ च्या जनगणनेत झोपडपट्टीत राहणारे ४१ टक्क्यांच्या आसपास होते. एवढी माणसं जन्मतः चोर असती तर आपल्या दाराला कडी पुरली नसती. सव्वा कोटीच्या या शहरात वर्षाला दीडशेच्या आगेमागे खून होतात. लोकलच्या रुळांवर आणि दारांतून पडून मरणारे दरवर्षी दोन हजारांच्या वर. रूळ ओलांडणारे, लटकणारे, खांबाला आपटणारे. तू ज्याला भीती म्हणतोस ती पहिल्या आकड्याची. मला रात्री झोप लागायची नाही ती दुसऱ्याची, कारण तू रोज ८:१२ ची पकडायचास.

२९ सप्टेंबर २०१७ आठवतो? तुझी पहिली नोकरी, ऑफिस लोअर परळला, जुन्या मिलच्या कंपाउंडात. सकाळचा पाऊस, एल्फिन्स्टन रोडचा पूल. टीव्हीवर आकडा वाढत होता आणि तुझा फोन लागत नव्हता. तुझी आई देव्हाऱ्यासमोर बसली नाही की रडली नाही. तिने गव्हाचा डबा काढला आणि निवडलेले गहू परत निवडायला बसली. पावणेबाराला तुझा फोन आला, मागची गाडी मिळाली होती म्हणालास. त्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. बरोब्बर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिल्समधल्या आगीत १४ जण गेले. त्यानंतर लोअर परळ धोक्याचा एरिया आहे, तिथली माणसंच तशी, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तूही परत तिथेच जात राहिलास.

गोवंडीत मी नोकरीची शेवटची नऊ वर्षं काढली, देवनार डेपोत. तिथे काही होत नाही असं मी म्हणणार नाही. माझा स्वतःचा मोबाइल तिथल्या बसमध्ये गेला. "बटन" खाल्लेला एक पोरगा माझ्या जोडीदाराच्या मनगटावर ब्लेड ओढून उतरला, आठ टाके पडले. बटन म्हणजे झोपेच्या गोळ्या, तिथे त्या वडापावसारख्या मिळायच्या. त्या पोराचं वय सोळा असेल नसेल. जोडीदार शिव्या देत होता, मीही दिल्या. पण त्याच बसने पहाटेच्या पहिल्या फेरीला बायका यायच्या, चेंबूरला धुणीभांडी करायला. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडी चोरांची तक्रार मी क्वचित ऐकली. त्यांचं सगळं बोलणं संडासाचं. सार्वजनिक संडास रात्री बंद होतो, उघडा असला तर पैसे, वाटेत दिवा नाही, पोरगी मोठी झालीय. एकीने सांगितलं होतं, मी संध्याकाळी सातनंतर पाणी पीत नाही. सांगताना सुट्टे पैसे मोजत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. तुझ्या मोबाइलमधल्या गुन्ह्यांच्या यादीत हे कुठल्या रकान्यात बसतं, शोध.

२०१६ च्या जानेवारीत देवनारच्या डंपिंगला मोठी आग लागली. १९२७ पासून शहराचा कचरा तिथे पडतोय, त्यात आपला विक्रोळीचाही असणारच. धूर इतका की दिवे लावून बस चालवायची. शाळा बंद ठेवल्या होत्या. प्रवासी ओला रुमाल तोंडाला लावून चढायचे, त्या दिवसांत कुणी सुट्ट्यांवरून भांडलं नाही. मी आठवडाभर काळं थुंकलो. मी ड्यूटी संपली की विक्रोळीला येत होतो, ते तिथेच झोपत होते.

टाटा इन्स्टिट्यूटची मुलं माझ्या बसला असायची. त्यातली एक पोरगी वही उघडून बसायची. तिने एकदा वाचून दाखवलं की २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्डात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार या पट्ट्यात, मरणाऱ्यांचं सरासरी वय ३९ वर्षं निघालंय. मी म्हटलं, चुकून छापलं असेल. ती म्हणाली, काका, लहान मुलं खूप मरतात ना, म्हणून आकडा खाली येतो. तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं आणि स्टॉप आला तशी उतरली. मी पुढचे दोन स्टॉप तिकिटं फाडायची विसरलो, असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मशीन होतं आणि गर्दी होती, काम चालूच राहिलं.

तू म्हणालास, त्यांना इमारती बांधून द्या, संपला प्रश्न. दिल्यात की. रस्ता रुंद करायला, रुळांकडेची घरं हटवायला ज्यांना उठवलं, त्यांना गोवंडीतल्याच नटवर पारेख कंपाउंडात फ्लॅट दिले. कागदोपत्री सगळं व्यवस्थित, चावी, नंबर. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागते. तिथे टीबी घरोघर. डॉक्टरांनी अभ्यास करून सांगितलं की उजेड आणि वारा नाही हेही त्याचं एक कारण. झोपडीत निदान दार उघडलं की ऊन यायचं, हे मला तिथल्याच एका म्हाताऱ्याने सांगितलं. तो खोकत नव्हता, त्याचा मुलगा खोकत होता.

हे सगळं तुला जेवतानाच सांगता आलं असतं. पण जे सांगायचं होतं ते मामासमोर सांगण्यासारखं नव्हतं.

तुझा मोठा काका तुला माहीत आहे तो कणकवलीचा. काजूच्या बागा, भजनी मंडळ, सोसायटीचा चेअरमन, लहान पोरांना खिशातून खडीसाखर. १९८२ मध्ये तो २३ वर्षांचा होता आणि आजोबा कामाला होते त्याच कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. सगळे म्हणाले, दोन महिने. गावाहून आलेला तांदूळ मार्चपर्यंत पुरला. मग आईची, म्हणजे तुझ्या आजीची, पितळेची भांडी गेली. मग घड्याळ. भोंगा वाजायचा बंद झाला तर म्हातारी माणसं पहाटे उठून बसायची, किती वाजले कळेना म्हणून. संप मागे घेतलाय असं कधी कुणी जाहीर केलं नाही, अमोल. तो नुसताच विरत गेला. काही आत गेले, बाकीच्यांना परत घेतलंच नाही. आजोबा आणि काका बाकीच्यांत.

काका तालमीत जायचा. तालमीतली पोरं नाक्यावर बसायला लागली, हा त्यांच्यात. आधी मटक्याच्या अड्ड्यावर आकडे लिहायचा. मग कुणाची खोली खाली करायची असली की चौघांत उभा राहायचा. हात उचलायचा नाही, नुसतं उभं राहायचं, असं तो म्हणायचा. मला ते तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

८३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो पिशवी घेऊन आला. सात-आठ किलो तांदूळ, वर कागदात सुके बोंबील. आईने पिशवी घेतली, सूप काढलं आणि तांदूळ निवडायला बसली. कुठून आणलास विचारलं नाही. मीही विचारलं नाही, मला भूक लागली होती. सहा महिन्यांनी आम्ही त्या रात्री पोट भरून जेवलो. आजोबा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

८६ मध्ये पोलिसांनी त्याला रात्री घरातून उचलला. तीन दिवस ठेवला. परत आला तेव्हा त्याला बसता येत नव्हतं. चाळीतल्या एका मास्तरांची ओळख होती, त्यांनी शब्द टाकला, म्हणून केस कागदावर आली नाही. चौथ्या दिवशी आजोबांनी त्याला एसटीत बसवला आणि सांगितलं, मी मेलो तरी येऊ नकोस. आपल्याकडे गावाला चार गुंठे जमीन होती म्हणून त्याला पाठवायला जागा होती. शेजारच्या खोलीतला त्याचा जोडीदार, त्याच्याच वयाचा, त्यांची गावची जमीन आधीच विकली होती. तो कुठे जाणार? १९९० मध्ये त्याला नाक्यावर गोळ्या घातल्या. पेपरात त्याच्या नावापुढे "कुख्यात" छापलं होतं. मी त्याला कॅरमवर सोंगट्या लपवताना पाहिलेला, कुख्यात वगैरे मला काही जुळेना. त्याची आई पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे तो पेपर वाचून दाखवायला घेऊन यायची. तिला वाचता येत नव्हतं. आम्ही तो शब्द गाळून वाचायचो.

तेव्हा परळ-लालबागच्या पोरांबद्दल दादर-माहीमचे लोक जे बोलायचे, ते आणि तू परवा गोवंडीबद्दल बोललास ते, शब्दाला शब्द सारखं आहे. मी बेस्टला चिकटलो तो ८८ मध्ये. मुलाखतीला पत्ता सांगताना नुसतं "परळ" म्हणालो होतो, गल्लीचं नाव गिळलं.

बाकी तुझं बरंचसं बरोबर आहे, तेही लिहितो. आईचे गुडघे चौथ्या मजल्यावर चढत नाहीत. माझ्या छातीत देवनार अजून बसलाय. गटाराचं पाणी दर जुलैला जिन्यापर्यंत येतं. राहणीमान म्हणतात ते तुझ्याकडे जास्त चांगलं असेल, झाडं आहेत, लिफ्ट आहे. पण तुझ्याकडे पाणी टँकरने येतं, हिंजवडीला पोहोचायला दीड तास लागतो आणि मागच्या महिन्यात कोयतावाल्या पोरांच्या बातमीनंतर तुझ्या सोसायटीने गेटवर दोन वॉचमन वाढवले, हे तूच सांगितलंस. ते कोयतेवाले कुठून आले, यावर तुमच्या ग्रुपवर काय काय लिहिलं जातं तेही तू मला दाखवलं होतंस. हसत होतास तेव्हा.

घर विकणार नाही. जानेवारी-फेब्रुवारी दोन महिने आम्ही येतो, आईच्या गुडघ्यांना ती लिफ्ट दाखवू, पुढचं पुढे. डॉक्टरची वेळ घेऊन ठेव. पार्किंगच्या बाजूची खोली आईला नको, तिला रस्त्याचा आवाज लागतो झोपायला.

काका दिवाळीला येणार आहे. हे तुला सांगायची परवानगी मी त्याच्याकडून घेतलेली नाही, त्यामुळे त्याच्याबद्दलचं वाचून झालं की तेवढी पानं फाडून टाक. बाकीची ठेव, मामाला दाखवायला लागतील.

तुझा,
बाबा