गोळ्यांची स्ट्रिप डायरीत ठेवा

पुणे, रविवार, रात्री साडेदहा

प्रिय आई-बाबा,

सकाळी फोनवरचं बोलणं अर्धवटच राहिलं आणि खरं सांगायचं तर माझा आवाज जरा चढलाच होता. बाबा, कोलेस्टेरॉलची गोळी आठवड्यातून जेमतेम तीनदा घेतली जाते हे आईकडून कळलं आणि डोकंच सटकलं माझं, "मुद्दाम करता तुम्ही" म्हणाले, ते चुकलं. जो माणूस चाळीस वर्षं रात्री जेवण झालं की डायरी काढून वाडीचं लिहायला बसतो त्याला मी शिस्तीवर लेक्चर देतेय, कमालच आहे माझी. म्हणून पत्र. व्हॉट्सअॅपवर एवढं टाकलं असतं तर आईने न वाचताच अंगठा पाठवला असता.

इथे ऑफिसात सगळ्यांना 21 दिवसांचं वेड आहे, 21 दिवस काहीही केलं की सवय लागते म्हणे. मीही करून बघितलं, पहाटे पाचला उठणं, जिम, शिवाय एक अॅप जे रोज दाखवतं की सलग किती दिवस झाले. अठराव्या दिवशी ताप आला, आकडा परत शून्यावर, इतका वैताग आला की अॅप काढून टाकलं आणि जिमलाही गेले नाही, वर्षाची फी किती भरली होती ते आई विचारू नकोस. मग शोधत बसले की हे 21 आलं कुठून. तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी 1960 साली लिहिलं की ऑपरेशननंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान 21 दिवस तरी लागतात. निदान! लोकांनी ते "निदान" गाळलं, चेहरा गाळला, आणि त्या जागी पहाटे पाचचा गजर चिकटवला.

नीट मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, फिलिपा लॅली आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी, 2010 साली छापून आलंय. 96 माणसं, 12 आठवडे, प्रत्येकाने एक छोटीशी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्याच एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून करायची, म्हणजे न्याहारी झाली की पाणी प्यायचं असं. न आठवता आपोआप व्हायला साधारण 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला थेट 254 निघाले, म्हणजे 12 आठवड्यांच्या पुढचे दिवस त्यांनी हिशोबाने अंदाज बांधून काढलेले. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही.

हे वाचलं आणि मला बाबांची 2020 ची डायरी आठवली. 2 जूनला "पंप 2 तास, आकाश भरलेलं" असं आहे आणि मग निसर्ग वादळाचे ते दिवस, नऊ पानं कोरी. लाईट नव्हती, छपराचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडलेले, कोण लिहिणार. आणि दहाव्या दिवशी, "पोफळी 63 गेल्या. माड 7. विहीर साफ." बस. कोऱ्या पानांबद्दल एक शब्द नाही, पुढच्या पानावर परत सुरू. मी असते तर डायरीच फेकून दिली असती.

तर गेल्या दिवाळीला श्रीवर्धनहून परत आल्यावर मी तेवढंच उचललं, रात्री ब्रश झाला की एक ओळ लिहायची, जास्त नाही. दोनतीन महिन्यांनी मागची पानं चाळली तर काय दिसलं माहितेय, ज्या ज्या दिवशी "टीममध्ये भांडण" किंवा "डोकं दुखतंय" लिहिलंय त्या बहुतेक दिवशी सकाळी मी नुसत्या चहावर निघालेले. इतकी वर्षं मी स्वतःला चिडकी समजत होते, तुम्हीही समजत होतात, आत्यावर गेलीये म्हणायचात. अर्धी तर भूक होती ती! आता सकाळी कुकरला मऊभात लावते, वर तूप आणि लोणचं, आणि हे वाचून आई जी हसणार आहे ते मला इथे ऐकू येतंय. चिडचिड पूर्ण गेली असं नाही हां, सकाळचा फोन तुम्ही ऐकलाच आहे.

आई, मला ना मे महिन्यातली तुझी आमसुलं आठवतात. रतांब्याची सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, आणि मला रोज वाटायचं कालच तर केलं, आज परत कशाला. पहिल्या दिवशी ती नुसती सालंच दिसायची, मऊ आणि केविलवाणी. पाचसहा पुटं झाली की एके सकाळी ती काळी दिसायची आणि नक्की कुठल्या दिवशी काळी झाली ते सांगता यायचं नाही. तू कधी त्यावरून उपदेश केला नाहीस, फक्त हात लाल झाले की साबण पुढे करायचीस.

आता कामाचं. बाबा, नवीन काही लक्षात ठेवायचं नाहीये. गोळ्यांची स्ट्रिप फडताळातून काढा आणि डायरीत खूण म्हणून ठेवा, आजचं पान उघडलं की ती हातातच येईल, गोळी घ्या आणि पंपाच्या तासांशेजारी एक टिंब काढा. एखाद्या रात्री राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच. आई, तुझा गुडघ्याचा व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच मोजायचे तो, संध्याकाळी दिवा लावल्यावर रामरक्षा हल्ली खुर्चीतच बसून म्हणतेस ना, तेव्हाच करत जा, एका श्लोकाला एक पाय, दुसऱ्याला दुसरा. देव रागावणार नाही, बाबा हसतील, हसू देत.

वादळानंतर लावलेल्या रोपांतल्या दोन पोफळींनी यंदा सुपारी धरली हे बाबांनी फोन ठेवता ठेवता सांगितलं आणि मी चिडलेली असल्यामुळे "बरं" म्हणाले फक्त. फोटो पाठवा. मे मध्ये दहा दिवसांची रजा टाकलीये, रतांबे मी येईपर्यंत सगळे फोडू नका.

तुमची,
धाकटी