राजा जाईल, त्याचे अधिकार कुठे जातील?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

घटनात्मक राजेशाहीचे प्रजासत्ताक करावे की नाही, या विषयावरची पत्रे आपल्या पानावर वाचतो आहे. बहुतेकांची शाई राजघराण्याच्या खर्चावर आणि जन्माने मिळणाऱ्या पदावर खर्ची पडली. राज्यप्रमुखपद वारशाने मिळू नये, याच मताचा मीही आहे. पण हा बदल अडतो किंवा पुढे डोईजड होतो तो एका रुक्ष प्रश्नामुळे: राजाच्या नावाने चालणारे अलिखित अधिकार उद्या कोणाच्या हाती द्यायचे आणि ते कोणत्या शब्दांत लिहायचे?

हे अधिकार मोजकेच असतात. पंतप्रधान नेमणे, त्याला काढणे, सभागृह विसर्जित करणे किंवा विसर्जनाला नकार देणे, विधेयकाला संमती देणे. ब्रिटिश वळणाच्या राज्यपद्धतीत ते कसे वापरायचे हे बहुतांशी संकेतांवर, म्हणजे रूढ झालेल्या प्रथांवर, चालते. राजाला कोणी निवडून दिलेले नसते, त्यामुळे तो ते वापरायला कचरतो आणि गाडी चालत राहते. त्याच खुर्चीत निवडून आलेला माणूस बसवला की हा संकोच जातो, आणि कागदावर तर आधीपासूनच काही नसते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९७५ मध्ये तिथल्या सिनेटने (वरिष्ठ सभागृहाने) खर्चाची विधेयके रोखून धरली होती. ११ नोव्हेंबरला राणीचे तिथले प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले. व्हिटलम यांच्यामागे कनिष्ठ सभागृहात बहुमत होते. तरीही विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर काळजीवाहू पंतप्रधान झाले. त्याच दुपारी सभागृहाने फ्रेझर यांच्यावर अविश्वास व्यक्त केला, पण तोवर खर्चाची विधेयके मंजूर झाली होती आणि केर यांनी दोन्ही सभागृहे विसर्जित करून टाकली. पंतप्रधानाच्या शिफारशीवरून राणी गव्हर्नर जनरलला हटवू शकत होती, म्हणून केर यांनी व्हिटलमना सुगावा लागू दिला नव्हता. दोघांकडे एकमेकांना घरी पाठवण्याची सोय होती. ज्याची सही आधी झाली तो टिकला.

१९९९ मध्ये प्रजासत्ताकाचा मसुदा सार्वमताला आला तेव्हा हा घोळ निस्तरायची चांगली संधी होती. झाले भलतेच. राष्ट्राध्यक्षाची निवड संसदेच्या संयुक्त बैठकीत दोन-तृतीयांश बहुमताने व्हायची होती, पण पंतप्रधान त्याला नुसत्या सहीच्या आदेशाने तत्काळ काढू शकणार होता. त्यानंतर ३० दिवसांत कनिष्ठ सभागृहाची मंजुरी घ्यायची, आणि ती मिळाली नाही तरी काढलेला राष्ट्राध्यक्ष काही परत येणार नव्हता. नेमताना दोन-तृतीयांश आणि काढताना एक सही! सुरुवातीला सांगितलेल्या या अलिखित, म्हणजे ‘राखीव’ अधिकारांबद्दल मसुद्यात एवढेच होते की, गव्हर्नर जनरलकडे जे होते ते राष्ट्राध्यक्षाने त्या अधिकारांच्या संकेतांना धरून वापरावेत. संकेत कोणते, याची यादी नाही. थेट निवडणूक हवी असणारे काही प्रजासत्ताकवादी मग ‘नको’च्या प्रचाराला लागले. ६ नोव्हेंबर १९९९ च्या मतदानात ‘होय’ला ४५.१३ टक्के मते मिळाली आणि सहाही राज्ये विरोधात गेली. तिथे घटनादुरुस्तीला देशभराचे बहुमत आणि शिवाय सहापैकी चार राज्यांत बहुमत लागते, हे पाहता पराभव निसटता म्हणता येणार नाही.

थेट निवडणूक घेतली की राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाचा प्रतिस्पर्धी होतो, हा आक्षेप नेहमीचा आहे. आयर्लंडकडे पाहिले की तो बराचसा गळून पडतो. तिथला राष्ट्राध्यक्ष लोक निवडतात, सात वर्षांसाठी, फार तर दोनदा. पण त्याने सरकारच्या सल्ल्याने वागायचे हे घटनेत लिहिलेले आहे, आणि अपवादही लिहिलेले आहेत. बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने विसर्जन मागितले तर तो स्वतःच्या मर्जीने नकार देऊ शकतो (कलम १३). विधेयक घटनाबाह्य वाटले तर राज्य परिषदेशी (त्याच्या सल्लागार मंडळाशी) सल्लामसलत करून सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतो (कलम २६). त्याला काढायचे तर महाभियोग आणि सभागृहाचे दोन-तृतीयांश बहुमत. पंतप्रधानाच्या लहरीवर त्याची नोकरी नाही.

आपल्या घटनेतही ही फट होती, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत ब्रिटिश राजाला मानणारे अधिराज्यच होता. प्रजासत्ताक झाल्यावर कलम ७४ मध्ये सल्ल्यासाठी मंत्रिमंडळ असेल असे म्हटले, पण तो सल्ला बंधनकारक आहे असे शब्द नव्हते. राष्ट्रपती खरोखर बांधील आहेत का, हा प्रश्न खुद्द राजेंद्रप्रसादांनी १९६० मध्ये जाहीर भाषणात उपस्थित केला. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बांधील आहेत असे उत्तर दिले, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते घटनेत आले आणि ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचारासाठी सल्ला परत पाठवण्याची मुभा दिली. म्हणजे एक वाक्य नीट व्हायला पाव शतकाहून अधिक काळ गेला. तोवर निभावले ते माणसांच्या संयमावर.

संयम नसला की काय होते ते नेपाळने दाखवले. २८ मे २००८ रोजी तिथल्या संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. पुढे २०१५ ची नवी घटना आली. तरीही मे २०२१ मध्ये विरोधी पक्षनेते शेरबहादुर देउबा १४९ खासदारांच्या सह्या घेऊन राष्ट्रपतींकडे गेले आणि पंतप्रधान ओली यांनी १५३ जणांचा पाठिंबा सांगितला. २७५ जणांच्या सभागृहात ३०२! खरे तर बेरीज जुळत नाही म्हटल्यावर सभागृहात मतदान घ्यायचे. राष्ट्रपतींनी दोन्ही दावे फेटाळले आणि मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून सभागृह विसर्जित केले. १२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ते पुनर्स्थापित करून देउबांना पंतप्रधान नेमण्याचा आदेश दिला. पाठिंबा कुठे आणि कसा मोजायचा, हे कलमात स्पष्ट असते तर प्रकरण न्यायालयात जाण्याचे कारण नव्हते.

यावर राजेशाहीवाले म्हणतील, बघा, राजा असता तर असे झाले नसते. पण ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसद पाच आठवडे तहकूब करायला सांगितले आणि राणीने ती केली. २४ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवले. वेळेला चूक अडवली ती न्यायालयाने. तेव्हा राजा हा शेवटचा पहारेकरी, ही समजूत फार ताणू नये. आणि केवळ राजाचे अधिकार काढायचे असतील तर राजाला न हटवताही ते जमते: स्वीडनच्या १९७४ च्या राज्यघटनेने पंतप्रधानाचे नाव सुचवण्याचे काम संसदेच्या सभापतीकडे दिले. राजा समारंभांपुरता उरला.

पैशाच्या वादात मला फारसा रस नाही. राजघराणे क्राउन इस्टेटचा (राजपदाच्या नावावरच्या जमीनजुमल्याचा) नफा खजिन्यात भरते, हा ब्रिटनमधला युक्तिवाद पोकळ आहे, कारण तो नफा १७६० पासून सरकारकडेच जातो आणि राजा गेला तरी तो जातच राहील. उलट बाजूने, राष्ट्राध्यक्षही फुकट येत नाही.

प्रत्यक्ष कामाचा नमुना हवा तर कॅरिबियनमधल्या बार्बाडोसचा घ्यावा. तिथे सार्वमताची सक्ती नव्हती. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश पुरेसे होते. २०२१ मध्ये घटनेत फक्त लागतील तेवढेच बदल केले: गव्हर्नर जनरलचे अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे, ‘राजसत्ता’च्या जागी ‘राज्य’, शपथेचा नवा मजकूर. २० ऑक्टोबरला संसदेने आधीच्या गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन यांचीच निवड केली आणि ३० नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली. नव्या घटनेचा विचार पुढच्या आयोगावर सोपवला. सार्वमत टाळल्याची टीका झाली, ती रास्तच होती. पण कामाचा क्रम बरोबर होता. त्याच भागातल्या सेंट व्हिन्सेंटने २००९ मध्ये अख्खी नवी राज्यघटना एकाच मतपत्रिकेवर ठेवली. लागत होते दोन-तृतीयांश, मिळाले सुमारे ४३ टक्के. शंभर कलमे एकत्र बांधली की प्रत्येकाला नापसंत असलेले एक तरी कलम त्यात सापडतेच.

मसुदा करणाऱ्यांचे आणखी एक दुर्लक्षित काम आहे. ‘राजसत्ता’ ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असते. सरकारी जमीन तिच्या नावावर, फौजदारी खटले तिच्या नावाने, करार तिच्याशी. म्हणून मालमत्ता, देणी आणि चालू खटले अमुक दिवसापासून आपोआप राज्याकडे वर्ग होतील, असे कलम लागते. ते राहिले तर पहिल्याच महिन्यात एखादा हुशार वकील आरोपपत्र कोणाच्या नावाने आहे असे विचारणार.

शिवाय स्वतःच्या घटनेतले दुरुस्तीचे कलम सगळ्यात आधी वाचावे. कॅनडात राजपदाला हात लावायचा तर संघीय संसद आणि दहाही प्रांतांच्या विधिमंडळांची संमती लागते. जमैकात विधेयक मांडल्यावर चर्चेआधी तीन महिने, चर्चा संपल्यावर मंजुरीआधी पुन्हा तीन महिने थांबायचे आणि वर सार्वमत घ्यायचे. निवडणुका तोंडावर असताना हे वेळापत्रक जुळत नाही.

आपल्या पानावर ही चर्चा पुढे चालणार असेल तर एक विनंती. प्रजासत्ताकाचा आग्रह धरणाऱ्या लेखकाला राष्ट्राध्यक्षाला हटवण्याचे आणि सभागृह विसर्जित करण्याचे अशी दोन कलमे शब्दशः लिहून द्यायला सांगावे, आणि लेखाबरोबर तीही छापावीत.

आपला,
राज्यघटनांचा एक अभ्यासक