सलगम, शिट्ट्या आणि लेकराचा वाटा

संपादक महोदय,

थंडी पडली की आपल्याकडच्या भाजीबाजारात मुळा-गाजराच्या शेजारी जांभळ्या डोक्याचा सलगम दिसू लागतो. हिवाळी भाज्यांच्या पाककृती छापताना त्याच्या वाट्याला बहुधा ‘बटाट्यासारखी भाजी करा’ एवढंच येतं. तशी केली की ती हमखास फसते. घरात दोन वर्षांचं मूल आणि शाकाहारी माणसं एकाच पंगतीला असतील तर जास्तच फसते.

कारण साधं आहे. बटाट्यात स्टार्च भरपूर, म्हणून तो रस्सा दाट करतो. सलगमाच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 92 ग्रॅम पाणी असतं, स्टार्च जवळजवळ नाही. रश्श्यात तो स्वतःचं पाणी सोडतो आणि रस्सा पांचट होतो. उत्तरेकडे तो मटणात घालतात. तिथे चरबी आणि हाडांचा रस त्याला अंग देतात. त्याच पाककृतीतलं मटण काढून बाकी सगळं तसंच ठेवलं तर उरतं ते मसाल्याचं पाणी. शाकाहारी घराने काश्मिरी राजमा-गोगजीचा धडा घ्यावा. गोगजी म्हणजे सलगम, आणि त्याला अंग देतो राजमा. आपल्याकडे ते काम तूरडाळ, मटकी, शेंगदाण्याचं कूट सहज करतात. शिवाय सलगमात प्रथिनं 100 ग्रॅमला जेमतेम 1 ग्रॅम आणि ऊर्जा 28 कॅलरी. नुसत्या सलगमाने लेकराचं पोट भरतं, पोषण होत नाही.

आधी खरेदी. लिंबापेक्षा थोडा मोठा, 5-6 सेंटिमीटर व्यासाचा, हाताला जड लागणारा घ्यावा. पाव किलोचा एकच गड्डा स्वस्त वाटतो, पण तो आतून भुसभुशीत आणि दोरेदार निघतो. फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की कडवटपणा वाढतो, तेव्हा मोह टाळलेला बरा. घरी आणल्याबरोबर पाला कापून वेगळा ठेवावा; तसाच राहिला तर तो कंदातलं पाणी ओढतो आणि कंद मऊ पडतो. नवलकोल आणि सलगम यांची गल्लत नको. नवलकोलला शिजायला जास्त वेळ लागतो, इथली मापं त्याला लागू नाहीत.

सोलताना बहुतेकजण हात राखून सोलतात. सलगम आडवा कापला की सालीच्या आत एक फिकट कडं दिसतं. त्याच्या बाहेरचा भाग दोरेदार आणि जास्त तिखट-कडू असतो. सोलाणं इथे अपुरं पडतं. विळीने किंवा सुरीने 2-3 मिलिमीटर जाड साल काढावी. अर्ध्या किलोचे 400 ग्रॅमच्या आसपास राहतात, ते गेलेलं वजन सोडून द्यावं.

आता वरण, कारण बट्टीचं असो वा भाताचं, खानदेशात ते रोज शिजतंच. चार माणसांना 1 वाटी तूरडाळ आणि 250 ग्रॅम सोललेला सलगम. सोय म्हणून दोन्ही एकाच कुकरमध्ये टाकतात, सगळा घोटाळा तिथेच. डाळीला तीन-चार शिट्ट्या हव्यात, सलगमाला एकही नको. कोबी जास्त शिजल्यावर जो उग्र वास घरभर सुटतो, तोच याचा. दोन्ही एकाच कुळातले आणि वास त्यांच्यातल्या गंधकाच्या संयुगांचा. म्हणून डाळ हळद आणि चमचाभर तेल घालून वेगळी शिजवावी, घोटावी, दोन वाट्या गरम पाणी घालून उकळी आणावी. मग सलगमाच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी घालाव्यात. पहिली पाच मिनिटं झाकण नको, वास वाफेबरोबर निघून जातो. पुढे झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर 8-10 मिनिटं. सुरीचं टोक अडथळ्याविना आत गेलं की झालं. टोमॅटो, चिंच, आमसूल त्यानंतरच. आंबट आधी पडलं तर फोडी कितीही वेळ ठेवा, करकरीतच राहतात. लवकर मऊ व्हावं म्हणून सोडा टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, त्याने फोडींचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्व जातं.

याच टप्प्यावर, मीठ-मिरची-फोडणीच्या आधी, लेकराचा वाटा बाजूला काढायचा. फोडी बोटांच्या चिमटीत सहज चेपल्या गेल्या पाहिजेत. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला डाळीसकट गुळगुळीत घोटून, नऊ-दहा महिन्यांच्या मुलाला भरड चेचून, वर्षापुढे एक सेंटिमीटरच्या मऊ फोडी आणि सोबत वरणात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ भात. वर एक चमचा तूप. वर्षाच्या आत मीठ नाही, त्यानंतरही अगदी नावापुरतं. कडवटपणा लपवायला गूळ-साखर दोन वर्षांच्या आत नको. दोन भाग सलगमाला एक भाग गाजर घाला, गोडी आपोआप येते. शेवटी लिंबाचे चार थेंब पिळले तर शाकाहारी मुलाला डाळीतलं लोह जास्त लागू पडतं. कच्च्या सलगमाच्या चकत्या किंवा तुकडे मात्र चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात देऊ नयेत, घशात अडकतात. आणि पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं म्हणून ‘आमच्याकडे खात नाही’ असा निकाल लावू नये. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, जबरदस्ती न करता.

मोठ्यांच्या वरणाला मग खुशाल लसूण, जिरं, लाल मिरचीची चरचरीत फोडणी द्या. काळा मसाला अर्धा चमचाच. तो भरमसाट घातला की वांगं काय, सलगम काय आणि दुधी काय, सगळं एकच लागतं.

भरीतही उत्तम होतं, मात्र वांग्यासारखं थेट जाळावर भाजून नाही. वांगं आतून सच्छिद्र म्हणून लवकर शिजतं. सलगम घट्ट, वरून कोळसा होतो आणि मध्ये कच्चा राहतो. अर्धा किलो सोलून, चार-चार फोडी करून 20 मिनिटं वाफवावा. बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) किंवा पाटा-वरवंट्यावर ठेचावा, मिक्सरमध्ये फिरवला तर पाणीच पाणी होतं. ठेचलेला गर लोखंडी तव्यावर नुसताच चार-पाच मिनिटं परतावा. पळीने सारल्यावर तव्यावर पाण्याची रेघ उमटली नाही की तो तयार. ही पायरी गाळली तर भरीत ताटात वाहतं. इथे पुन्हा लेकराचा वाटा काढून त्यात तूप आणि जिरेपूड. बाकीच्यात सहा-सात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, कांद्याची पात, कोथिंबीर, तळलेले शेंगदाणे. अख्खे शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप लहान मुलाच्या ताटात जाऊ देऊ नका. शेंगदाणे सोसत असतील तर बारीक कूट चालतं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर हे भरीत वांग्याच्या भरताची बरोबरी करेल असा दावा नाही, पण पानात उरत नाही.

पाला फेकू नये. पालकात ऑक्सॅलेट फार असल्याने त्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. सलगमाच्या पाल्यात ते कमी, कॅल्शियम मात्र भरपूर. कोवळी पानं बारीक चिरून, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर लसणाच्या फोडणीवर दहा मिनिटांत होतात. घरात कोणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर पाला अचानक रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्यात के जीवनसत्त्व बरंच असतं.

शिजलेला लेकराचा वाटा उरलाच तर लगेच फ्रिजमध्ये, आणि 24 तासांत संपवावा. एकदा गरम केलेला पुन्हा गरम करू नये.

आपणास विनंती एवढीच, की कुठलीही घरगुती पाककृती छापताना ‘लहान मुलाचा वाटा इथे काढा’ अशी एक ओळ योग्य पायरीवर टाकावी. जागा फार लागत नाही, आणि एकाच घरात दोन स्वयंपाक करण्याचा बाईचा त्रास वाचतो.

आपली,
एक नियमित वाचक, अमळनेर (जि. जळगाव)