जुने स्कॅनर-प्रिंटर पुन्हा चालू करणाऱ्यांचे आभार

लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टमसाठी फुकट ड्रायव्हर (यंत्र संगणकाशी जोडून चालवणारे सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्या अनाम मंडळींना बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीवाल्यांचे मनापासून धन्यवाद! ३२-बिटचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये चढतच नाही, म्हणून धडधाकट स्कॅनर अडगळीत जातात. तुमच्या 'सेन' (SANE) या लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे त्यांतले कितीतरी पुन्हा चालतात. 'स्कॅनइमेज -एल' (scanimage -L, जोडलेले स्कॅनर शोधणारी आज्ञा) दिल्यावर यंत्र फक्त सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावूनच सापडत असेल, तर दोष बहुधा परवानगीचा असतो. काही लिनक्समध्ये वापरकर्त्याला 'स्कॅनर' गटात घालून पुन्हा लॉगिन केले की भागते.

एचपीच्या लेसरजेट १०२० प्रिंटरचे फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) वीज गेली की पुसले जाते. 'एचपी-प्लगइन' हे जोड-सॉफ्टवेअर बसवल्यावर ते आपोआप चढते, पण सिस्टम बदलून एचपीलिपची (लिनक्सवर एचपीचे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती बदलली की प्लगइनही त्याच आवृत्तीचे घ्यावे लागते. हे बारकावे तुम्ही फुकट, न कंटाळता समजावलेत. फार मोठे काम आहे हे.