काकू, बेसिन बसलं!

काकू,

सप्रेम नमस्कार.

बेसिन बसलं. गळत नाही, हलत नाही, आणि सासूबाईंना आता तोंड धुताना टाचा उचलाव्या लागत नाहीत. हे सांगायला तुमच्या नळ-सामानाच्या दुकानात येणारच होते, पण दुकानात तुम्ही कुणाला आभार मानू देत नाही. कुणी सुरुवात केली की 'बरं बरं, बाजूला हो जरा, गिऱ्हाईक उभंय' म्हणून मोकळ्या होता. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव, दुकानाचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. नाशिकच्या सिडकोत ज्यांनी तुमच्याकडून साधा वॉशर जरी घेतला असेल, ते ओळखतीलच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : आमचं घर सिडकोच्या चौथ्या स्कीममधलं. बाथरूम आणि बेडरूम यांच्या मधली भिंत चार इंची. जुन्या बेसिनच्या मागच्या कडेला कुणी तरी कधी काळी व्हाइट सिमेंट भरलं होतं, ते तडकलेलं. तिथून पाणी मागे उतरायचं आणि पलीकडे बेडरूममध्ये कपाटामागचा रंग फुगून पोपडे पडायचे. शिवाय बेसिनला कपलिंगपाशी (म्हणजे बुडाच्या भोकात बसणारी, पाणी खाली सोडणारी जोडणी) बारीक चीर. म्हणजे डागडुजीचा प्रश्नच नव्हता, बदलायलाच हवं होतं. प्लंबर मिळेना. एक आला, बघून गेला, 'उद्या येतो' म्हणाला, त्याचा उद्या काही उजाडला नाही. (सगळे सिंहस्थाच्या कामांवर गेलेत असं जो तो सांगतो. खरं-खोटं गोदामाई जाणे.) शेवटी भाच्याला हाताशी घ्यायचं आणि आपणच करायचं, असं ठरवून सामानाची यादी घेऊन निघाले. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "मिस्तरीला पाठवा." तिथून तुमच्याकडे.

तुम्ही यादी वाचलीच नाही. ती उलटी करून ठेवलीत, कानावरची पेन्सिल काढलीत आणि विचारलंत, "वापरणार कोण?"

नळ कुठल्या कंपनीचा, बजेट किती, असलं काही विचाराल म्हणून मी तयारीत होते. सासूबाई, म्हटलं. उंची पाच फुटांच्या आत, उजवा खांदा धरलेला. "मग कड ३० इंचांवर घे. सगळे ३२ वर बसवतात, पण तिला ते छातीशी येतं. तू वाक थोडी, तुझी पाठ अजून तरुण आहे." आणि लगेच पुढचा प्रश्न, भिंतीतून सांडपाण्याचा पाइप किती उंचीवर निघतो? भाच्याला फोन लावला. त्याने टेपने मोजून सांगितलं, १८ इंच.

मग यादीच्या पाठीवर तुम्ही चित्र काढलंत. ते मी जपून ठेवलंय. वर बेसिनची कड, खाली त्याचं बूड, मग कपलिंग, मग बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा, तळाशी थोडं पाणी धरून ठेवणारा) आणि ट्रॅपमधून भिंतीकडे जाणारी नळी. नळी आडवी दिसली तरी भिंतीकडे किंचित उतरतीच हवी. बेसिन दोन इंच खाली आणलं की ट्रॅपही तेवढाच खाली येणार, आणि त्याचं तोंड भिंतीतल्या भोकाच्या खाली गेलं की पाणी काय चढावर जाणार? प्रत्येक रेघेशेजारी तुम्ही इंच लिहिलेत, बेरीज केलीत, आणि मी पसंत केलेलं खोलगट बेसिन बाजूला सारून उथळ बुडाचं पुढे केलंत. ते माझ्या पसंतीच्या बेसिनपेक्षा स्वस्त होतं, हे मला बिल झाल्यावर कळलं.

कपलिंगचं तर मी येईल त्याला सांगत सुटलेय. काउंटरवर तुम्ही दोन ठेवलीत. एकाला वरपासून खालपर्यंत आटे, दुसऱ्याला निम्मेच, आणि वरच्या गुळगुळीत भागाला खाचा. "बेसिनला वर ओव्हरफ्लोचं भोक आहे ना? मग हाफ थ्रेड." त्या भोकात शिरलेलं पाणी बेसिनच्या दोन थरांमधल्या पोकळीतून खाली येतं आणि या खाचांतून कपलिंगमध्ये पडतं. खाचा नसलेलं बसवलं तर ते पाणी पोकळीतच अडकून राहणार. वरचं भोक नुसतं शोभेला. मी इतकी वर्षं दात घासतेय, ते भोक कशाला असतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

भिंतीबद्दल विचारलंत तेव्हा मी 'चार इंची' म्हणाले आणि तुम्ही फास्टनरचं (भिंतीच्या भोकात फुगून बसणाऱ्या बोल्टचं) पाकीट परत खणात टाकलंत. अर्ध्या विटेच्या भिंतीत फास्टनर आज धरतो, पण वीट भुरभुरीत निघाली की सैल होतो. सासूबाई दोन्ही हात कडेवर टेकून उभ्या राहतात, हे मी बोलता बोलता सांगून गेले होते, ते तुम्ही बरोबर लक्षात ठेवलंत. "आरपार बोल्ट टाक, पलीकडून लोखंडी पट्टी. कपाटामागे कोण बघतंय?" पट्टी तुम्ही शेजारच्या वेल्डरकडून भोकं पाडून आणवलीत, आणि गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात मारल्याशिवाय लावू नको, असा दमही भरलात. ड्रिलचंही तसंच. खुणेवर मास्किंग टेपची फुली चिकटवायची म्हणजे बिट टाइलवरून घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोके देणारा हॅमर बंद. भाचा आधी हसला. पहिलं भोक टवका न उडता पडलं, मग हसायचा थांबला.

सगळं सामान पिशवीत भरल्यावर तुम्ही म्हणालात, "आणि सिलिकॉन आज देत नाही."

सिलिकॉन म्हणजे कडेचा सांधा बुजवायचा रबरासारखा मसाला. तो का नाही, तर भिंत ओली आहे. ओल्या भिंतीवर, जुन्या सिमेंटच्या कणांवर, साबणाच्या थरावर सिलिकॉन धरतच नाही. वरून छान दिसतं आणि महिन्याभरात सालीसारखं सुटून येतं. आधी जुनं बेसिन काढ, अँगल कॉक (बेसिनखालचा भिंतीतला कॉक) बंद करून ठेव, पोपडे खरवड, पंखा लाव आणि भिंत वाळू दे. वैशाखातलं नाशिकचं ऊन त्यासाठीच आहे, मृग लागायच्या आत उरक. आम्ही तोवर मोरीत बादलीवर दात घासले. सासूबाईंना त्यात लहानपणच्या वाड्यात गेल्यासारखं वाटत होतं, तक्रार फक्त माझ्या नवऱ्याची होती.

भिंत वाळली, पांढरी झाली, तेव्हा परत आले. त्या दुपारी दुकानात गर्दी नव्हती. तुम्ही खणातून ट्यूब काढलीत, तारीख बघितलीत आणि ती बाजूच्या डब्यात टाकून दिलीत. मुदत संपलेलं सिलिकॉन ट्यूब दाबायच्या गनमधून बाहेर येतं, पण घट्टच होत नाही, चिकट राहतं. मला तर ट्यूबवर तारीख असते हेच ठाऊक नव्हतं. घेऊनही गेले असते, तुमचे पैसेही झाले असते. मग दुसऱ्या खोक्यातून नवी काढलीत. ही व्हिनेगरसारख्या वासाची, सिरॅमिक आणि टाइलला चालते. आरशामागे मात्र ही लावायची नाही, तिच्यातलं अ‍ॅसिड आरशाचा पारा खातं. तिथे आणि संगमरवराला न्यूट्रलच, म्हणजे त्या अ‍ॅसिडशिवायची. मी आरशाबद्दल विचारलंही नव्हतं. पण बेसिन आलं म्हणजे वर आरसा येणारच, हे तुम्ही धरून चाललात.

मग काउंटरवर टाइलचे दोन तुकडे काटकोनात ठेवून तुम्ही मला करून दाखवलंत. सांध्याच्या वर एक आणि खाली एक अशा मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या, मधे करंगळीच्या नखाएवढी जागा. नळीचं तोंड तिरकं कापलंत, अगदी थोडंसं. गन तिरकी धरून, न थांबता, एका दमात धार ओढलीत. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकच हात फिरवलात. "दुसऱ्यांदा फिरवायचं नाही. मन होतं, पण फिरवायचं नाही." आणि टेप लगेच, सिलिकॉन ओलं असतानाच, बाहेरच्या बाजूला ओढून काढलीत. खाली राहिलेली रेघ छापल्यासारखी सरळ. नंतर म्हणालात, "आता तू." माझी पहिली रेघ वाकडीतिकडी आली. तुम्ही काही बोलला नाहीत, टाइल पुसलीत आणि पुन्हा टेप लावून दिलीत. तेवढ्यात एक साहेब अँगल कॉक मागायला आले, त्यांना तुम्ही थांबवून ठेवलंत. काकू, तुमच्या ट्यूबमधलं किती सिलिकॉन माझ्या शिकण्यात गेलं याचा हिशेब तुम्ही बिलात धरला नाहीत, तो मी इथे धरतेय.

गनही तुमचीच दिलीत. डिपॉझिट विचारलं तर म्हणालात, "सिडकोतच राहतेस ना?"

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही सांगितलं तसंच झालं. आट्यांवर टेफ्लॉनची पातळ टेप, नट ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेने गुंडाळून. कनेक्शन पाइपला मात्र टेफ्लॉन नाही, तिथे रबरी वॉशरच पाणी धरतो. सिरॅमिक आणि नट यांच्या मधे प्लॅस्टिकची चकती, नट आधी हाताने, मग पान्याने जेमतेम. लेव्हल लावून भाच्याने 'बास' म्हटल्यावर थांबलो. सिलिकॉन वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना भरलं, खालची बाजू मोकळी ठेवली. पाणी आत शिरलंच तर ते कुठून तरी दिसायला हवं, कोंडून ठेवलं की परत बेडरूममध्येच निघणार. हे तुमचं वाक्य मी भाच्याला पाठ करायला लावलं.

त्यानंतर वाट बघणं. सिलिकॉन हवेतला दमटपणा ओढून घट्ट होतं, वरची साल अर्ध्या तासात धरते, पण आतपर्यंत व्हायला दिवस जातो. आमच्याकडच्या कोरड्या हवेत जास्तच, म्हणून तुम्ही दोन रात्री सांगितल्या होत्या. सासूबाईंनी नळावर त्यांची जपमाळ टांगून ठेवली. कुणाची हात लावायची हिंमत झाली नाही.

मग परीक्षा. खाली कालचा देशदूत पेपर पसरला, बेसिन ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत भरलं आणि बूच एकदम काढलं. थेंब थेंब सोडून बघण्यात अर्थ नाही, पाणी जोरात जातं तेव्हाच सांधा बोलतो, असं तुम्ही बजावलं होतं. ट्रॅपखाली एक थेंब पडला. मी कपाळाला हात लावला. पण भाच्याने ट्रॅपचा वरचा नट हाताने थोडा पिळला, पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पेपर कोरडा. मग सासूबाईंनी पुढे होऊन दोन्ही हात कडेवर टेकले, नेहमीसारखे, आणि नळ सोडला. मला वाटलं, काही तरी बोलतील. त्या म्हणाल्या, "साबण कुठे ठेवायचा?" ते राहिलंच होतं.

अजून एक. मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. परत आल्यावर बाथरूममध्ये वास आला. एरवी मी घाबरून नवीन बेसिनलाच दोष दिला असता, पण ट्रॅपमध्ये साठलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं आणि घर बंद असलं की उन्हाळ्यात ते आटतं, हे तुम्ही बिल करता करता सांगून ठेवलं होतं. तांब्याभर पाणी ओतलं, वास गेला.

बेडरूमची भिंत अजून रंगवलेली नाही. एक पावसाळा जाऊ दे, कोरडी राहिली तर दिवाळीला रंगवू.

गन अजून माझ्याकडेच आहे. ओझरच्या नणंदेला तिच्या किचनच्या सिंकची कड भरायची आहे, आणि तिला वाटतं की मला आता सगळं येतं. मधे कुणी गन मागितली तर फोन करा, भाचा लगेच आणून देईल. तिचा ओटा ग्रॅनाइटचा आहे. तिथे न्यूट्रलच घ्यायची ना? शनिवारी तिला घेऊन येते. काउंटरवरचे टाइलचे तुकडे टाकू नका.

आपली,
चौथ्या स्कीममधली बेसिनवाली