मिग कपाटावर ठेवलंय

बाळ्या,

तू काल रात्री डस्टबिनमध्ये टाकलेलं मिग-21 विमानाचं मॉडेल मी सकाळी घंटागाडी यायच्या आत काढून घेतलं. पुसलं नाही, झटकलं नाही, आहे तसंच आजीच्या चपलांच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवलंय. नाकापुढची ती बारीक नळी मोडलीय, ती पण त्यातच आहे. तुला बघायचं नसेल तर बघू नकोस, पण परत टाकू नकोस एवढंच. समोर बोलायला गेलो की तू "काय नाही पप्पा" म्हणून दार लावून घेतोस म्हणून कारखान्यात बसून मोबाईलवर टाइप करालोय, र्‍हस्व दीर्घ काय चुकलं तर समजून घे.

आईला वाटालंय कॉलेजात काहीतरी झालंय. मी सांगितलं मॉडेल बिघडलं, तर म्हणाली खेळण्यासाठी कोण एवढं तोंड पाडून बसतं. तिचं मनावर घेऊ नकोस, तिनं जवळून बघितलेलंच नाही. मी बघितलंय. खरं विमान पंधरा मीटरच्या आसपास आणि तुझं 1:48 म्हणजे जेमतेम 31-32 सेंटीमीटर, त्यात पायलटच्या सीटचे पट्टे तू टाचणीच्या टोकानं रंगवलेस, जे कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, चिकटवल्यावर तुझ्याशिवाय कुणालाच नीट दिसणार नव्हते. 2025 ला 26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 रिटायर झालं ते टीव्हीवर बघत बसलेलास आणि दिवाळी झाल्यावर किट मागवलंस, तेव्हापासून रोज रात्री माळ्यावर लाइट चालू. ते रंगाच्या शेवटच्या कोटाला पांढरं पडून गेलं तर माणूस जेवणार कसा, मला कळतं ते.

आता झालं काय ते मी आपल्या गाडीच्या पेंटरला विचारलं. तुझ्यावरनं नाही विचारलं, असंच म्हटलं, की पावसात क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक कोट, मारला आणि वर पांढरी साय आल्यासारखी दिसाली तर काय. तो हसलाच, म्हणाला ब्लशिंग, पावसाळ्यात आमचं रोजचंच आहे. थिनर फटकन उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत ओल भरलेली असली की ती त्या ओल्या थरातच उतरते आणि थर पांढरा पडतो. हे लोक पावसात सावकाश उडणारं रिटार्डर थिनर वापरतात नाहीतर सरळ गिऱ्हाईकाला सांगतात ऊन पडल्यावर या. परवा इथं कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटाच्या इशारा पातळीला टेकालंय म्हणून सगळं गाव मोबाईल बघत बसलेलं आणि तू माळ्यावर खिडकी उघडून बिनचमकीचा मॅट कोट मारालायस, मग दुसरं काय होणार होतं. मॅटमध्ये चमक घालवायला जी पावडर असते ती डबा नीट हलवला नाही किंवा जाड थर बसला तरी पांढरं दिसतं म्हणे, पण मला यात पावसाचाच हात जास्त वाटतो.

म्हणजे लक्षात घे, पांढरं पडलं तेव्हा तुझं मिग बिघडलेलंच नव्हतं. वरचा एक पातळ थर तेवढा बिघडलेला. खालचा रंग, डिकल म्हणजे चिकटवलेल्या खुणा, जोड सगळं शाबूत होतं. खरं नुकसान त्याच्यानंतरच्या अर्ध्या तासात झालं, तू एनसी थिनर फडक्यावर घेऊन पुसायला लागलास तेव्हा. ते थिनर रंगावर थांबत नाही, खालचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, पण खातं. तुझा तो चिकटवायचा सिमेंट असाच तर चालतो ना, दोन्ही कडा विरघळवून एकमेकांत बसवतो. डाव्या पंखावरचा तिरंगी गोल फरपटत जाऊन तपकिरी झालाय, पॅनेलच्या रेघा बुजल्यात आणि मधोमध तुझ्या अंगठ्याचा ठसा अगदी आधार कार्डाला घ्यावा तसा उमटलाय.

हे टोचायला सांगत नाही. आमच्या उद्यमनगरात नवीन पोरगं मशीनवर आलं की त्याला मशीन चालवायला शिकवायच्या आधी हे शिकवावं लागतं, की जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेला तुकडा, बिघडला असं वाटलं की पहिल्यांदा मशीन बंद करायचं आणि जॉब चकमधनं, म्हणजे त्याला पकडणाऱ्या जबड्यातनं, सोडायचा नाही. पोरं काय करतात, बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला असं दिसलं की घाबरून झटक्यात जॉब सोडतात, कुणाला दिसायच्या आत बाजूला ठेवायचा म्हणून. सोडला की सेंटर गेलं. तोच जॉब तसाच धरून ठेवला असता तर माप घेऊन ठरवता आलं असतं की अजून मोठा बोअर करून स्लीव्ह, म्हणजे आत बसणारं नळकांडं, ठोकायची आणि परत साइजला आणायचा. ड्रॉइंगवाला परवानगी देणार असेल तर असे जॉब निघतात बाहेर, आणि निघालेले चालतात पण.

आणि शेवटच्याच ऑपरेशनला का जातं रे, असं तू आईला विचारलंस म्हणे. शेवटच्यालाच जातं असं नाही, शेवटी गेलेलंच लक्षात राहतं. शिरोलीच्या फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, फेटलिंग म्हणजे कडा-बिडा साफ होऊन येतं, दिसायला एकदम चकाचक, आम्ही फेसिंग करतो, ड्रिलिंग करतो आणि शेवटच्या बोअरला टूल घातलं की आत ब्लो होल उघडतं, भोक पडलेलं. ते होल काय त्या टूलनं केलं नाही, मेटल ओतलं त्या दिवशीच गॅस आत अडकून बसलेला. पण शिव्या खातो शेवटच्या मशीनवरचा. धातू भट्टीत परत जातो, धातूचं एवढं काय नाही, पण त्याच्यावर सगळ्यांनी घातलेला वेळ जातो, म्हणून ते रिजेक्शन जास्त लागतं. तुझं पण दुःख ते प्लास्टिकचं नाही, त्या सगळ्या रात्रींचं आहे. ते जाणार लगेच असं मी म्हणणार नाही. मला अजून काही कास्टिंग आठवतात.

तुझा मित्र म्हणाला नवीन किट घे, सोपं आहे. घे की, पैशाचं मी बघतो. पण आत्ता नको. आत्ता घेतलंस तर त्या रागात अर्धं करशील आणि ते पण माळ्यावर पडेल. आणि ते दुसरं कोणतरी म्हणालं ना की आहे तसंच ठेव, चौकात रिटायर झालेली विमानं उन्हापावसात उभी असतात तसं पांढुरकं दिसेल, ती आयडिया वाईट नाही खरं तर, तशी विमानं उन्हानं भुरकटलेलीच असतात. पण मला पटत नाही. तू चौकातलं मिग करायला बसला नव्हतास. तू 71 च्या युद्धातलं करालतास, 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेट मारली त्या वेळचं, मला त्या वेळचे फोटो दाखवून दाखवून वेडा केलंस. आणि त्याच फोटोंत मी बघितलंय, चकचकीत पत्र्यावर हिरवा रंग घाईनं फासल्यासारखा, कुठं दाट कुठं पातळ. मग डाव्या पंखावर परत रंग मारलास आणि उजव्याशी तंतोतंत जुळला नाही तर कोण विचारणार आहे? उलट जुळला तरच शंका यायची.

तर माझं ऐकणार असशील तर असं कर. आता त्याला हातच लावू नकोस. थिनरनं मऊ झालेलं प्लास्टिक थिनर उडून गेलं की परत कडक होतं, पण वेळ घेतं, आणि वरनं कोरडं वाटलं तरी आत मऊ असतं, त्याच्यावर घासलंस तर बुळबुळीत लगदा होणार. नवरात्र होऊन जाऊदे, हवा कोरडी पडूदे. मग तो ठसा पुट्टी भरून 600 नि मग 1000 च्या पॉलिश पेपरनं पाणी लावून घासायचा, बुजलेल्या रेघा जाड टेपच्या कडेनं सुई ओढून परत काढायच्या, आणि गोलाचं डिकल एकट्याचं मिळतं का बघू, विमानांच्या खुणांच्या वेगळ्या शीट मिळतात असं तूच म्हणालेलास. बाकीच्या अंगावर जो पांढरेपणा आहे त्याच्यावर पातळ ग्लॉस, म्हणजे चमकीचा कोट, मारला की पुष्कळदा तो जातो, मग कोरड्या दिवशी परत मॅट. पण विमानावर नाही, आधी किटच्या उरलेल्या फ्रेमचा तुकडा घे, त्याच्यावर तोच रंग, तोच पांढरा पडलेला मॅट आणि मग ग्लॉस मारून बघ. आम्ही ट्रायल पीस काढल्याशिवाय लॉट चालू करत नाही आणि तू फायनल कोट सरळ जॉबवर मारलास, एवढं एक मात्र मी बोलणारच.

कॅनॉपी अजून चिकटवलेली नाहीस हे बरं झालं. ती फेविक्विकनं चिकटवू नकोस, त्याच्या वाफेनं काच आतनं धुरकटते, मग सीटचे पट्टे खरंच कुणाला दिसायचे नाहीत.

आणि नाहीच जमलं तर नाही जमलं. मग त्याच्यावर एअरब्रश शिक, रेघा ओढायला शिक, काय वाट्टेल ते कर, ट्रायल पीस म्हणून ते आयुष्यभर चालेल. पण ते ठरवायचं दसऱ्यानंतर, काल रात्री साडेबाराला डस्टबिनसमोर उभं राहून नाही.

तुझ्या दोस्तांना रंकाळ्यावर भेटायला जा जरा संध्याकाळी, पाऊस उघडला तर. ओझरच्या एचएएलची व्हिजिट कॉलेजतर्फे मिळते का ते पण सरांना विचार, मिगसाठीच 1964 ला काढलेला कारखाना तो, मिळाली तर मी पण येतो, पालक चालत असले तर.

ती थिनरची बाटली कुठं ठेवलीस? माळ्यावर दिसली नाही. आईनं आवरताना देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात सरकवली असेल तर आत्ताच्या आत्ता काढ, तिथं समई असते, आणि झाकणाचा आटा गेलाय त्याच्या, नुसतं बसवून ठेवू नकोस. बाहेर मीटरच्या खाली पण नको. संडासाच्या वरच्या कट्ट्यावर ठेव, मी आल्यावर दुसऱ्या डब्यात ओततो.

तुझे पप्पा